दोनशे चौदा माणसांचा पत्ता

आमच्या कॉलनीच्या टोकाला, पुलाला लागून, मावशींचं इस्त्रीचं दुकान होतं. दुकान म्हणायचं ते त्यांचं मन राखायला. मुळात तो एका इमारतीतला मोटार ठेवायचा गाळा. पण त्यात मावेल एवढी लहान मोटार कोणी विकत घेतली नाही, म्हणून तो मावशींना भाड्याने मिळाला. दहा फूट लांब, आठ फूट रुंद. आत एक टेबल, टेबलावर जुनं घोंगडं, घोंगड्यावर इस्त्रीच्या टोकाचे तपकिरी डाग, मागे भिंतभर फळ्या आणि उरलेल्या जागेत मावशी. गिऱ्हाइकाला आत जायचं असलं तर आधी मावशींना बाहेर यावं लागे.

या जागेत, कागदोपत्री, दोनशे चौदा माणसं राहत होती.

हे मला कळलं तेव्हा मी तिथे अकरा वर्षं शर्ट देत होतो. मी किती चौकस माणूस आहे, ते यावरून लक्षात यावं.

मावशी साठीच्या. हाडापेराने मजबूत, उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली. चाळीस वर्षं इस्त्री दाबली की खांदासुद्धा घडी मोडत नाही. बोट ओलं करून इस्त्रीला लावायचं, 'चर्र' आवाज ऐकायचा आणि त्यावरून हा सुती कपड्याचा ताव की रेशमी, हे सांगायचं. कपड्यांशी त्यांचं बोलणं चाले; माणसांशी त्याहून जास्त. "भाऊ, ही कॉलर आता निवृत्त करा," त्या मला म्हणायच्या. "तुमच्याआधी तिची नोकरी भरली." त्यांच्या तोंडाला कोणी लागत नसे. लागून उपयोग नव्हता. उद्याचा सदरा त्यांच्याच हातात असायचा.

पूल वीस पावलांचा. खाली नाला आणि पुलाच्या त्या अंगाला वस्ती. वस्तीला नाव होतं, पण कॉलनीत सगळे नुसतं 'पलीकडे' म्हणत. कामवाली पलीकडची, आवाज पलीकडून येतो, सायकल पलीकडे गेली असणार. मावशीही पलीकडच्याच. एके काळी तिथे साबणाचा मोठा कारखाना होता. मावशींचे यजमान वड्या कापायच्या खात्यात होते. तेव्हा म्हणे सगळ्या वस्तीला साबणाचा वास यायचा. कारखाना बंद पडला आणि गावातली सर्वांत सुवासिक वस्ती वर्षभरात घाणेरडी ठरली. यजमानांचं आधी काम सुटलं, मग बोलणं सुटलं आणि एका दुपारी बसल्या जागी तेही सुटले. मावशी हे सांगताना इस्त्री थांबवत नसत. फक्त तेवढा कपडा दोनदा दाबला जाई.

आता पत्त्याची गोष्ट. कपडा कोणाचा हे कळायला मावशी कॉलरच्या आत रंगीत दोऱ्याचा टाका घालत. कॉलनीतल्या माणसांचे रंग त्यांच्या डोक्यात होते. पलीकडच्यांसाठी मात्र त्यांनी शिस्त बसवली होती : पहिली गल्ली लाल, दुसरी पिवळी, तिसरी निळी, अशा सहा गल्ल्या, सहा रंग. जितवं घर तितक्या गाठी. दहा घरांची एक मोठी गाठ. पलीकडची माणसं कपडे इस्त्रीला देत ती मुलाखतीच्या आदल्या दिवशी. एरवी त्यांना घडीची गरज पडत नसे.

मावशींचा मुलगा शिकून नोकरीला लागायच्या वयाचा झाला तेव्हा त्याने एकवीस अर्ज केले. एकाचंही उत्तर नाही. बाविसाव्या अर्जावर त्याने गंमत म्हणून घराऐवजी दुकानाचा पत्ता घातला आणि आठव्या दिवशी बोलावणं आलं. अर्जात दुसरं अक्षरही बदललं नव्हतं. मग त्याचा मित्र आला. मग मित्राची बहीण. मग शेजारीण संकोचाने म्हणाली, "मावशी, तुमचा पत्ता जरा घालू का?" जणू वाटीभर साखर मागत होती. मावशी म्हणाल्या, "घाल की! पत्ता काय झिजतो?"

अशी अकरा वर्षं गेली. पोस्टमन पुलापर्यंत येई, गठ्ठा टेबलावर टाकी आणि मागे फिरे. मावशी नावं वाचून घेत (वाचायला बहुतेक वेळा मीच असे आणि मला वाटे, बाईंचं गणगोत मोठं आहे!), पत्राला त्या त्या घराचा दोरा बांधत आणि फळीवर ठेवत. ज्याला शहराबाहेरच्या नव्या कारखान्यांत नोकरी लागे तो दोरा परत आणून देई. तो एका पत्र्याच्या डब्यात जाई. नोकरी सुटली की मावशी डब्यातून तो दोरा काढून घेत. असा हा पलीकडच्या कमावत्या माणसांचा डबा.

दरम्यान सरकारला वस्तीची आठवण झाली होती. 'वस्ती सुधार' म्हणून एक खातं आलं. त्याचे साहेब भले होते. त्यांनी भिंती रंगवल्या, दिवे लावले आणि सहा गल्ल्यांत मिळून अठरा बाकं बसवली. त्यांचं नावच बाकवाले साहेब पडलं. उद्घाटनाला त्यांनी मावशींना विचारलं, "कशी काय वाटतात बाकं?"

"झकास!" मावशी म्हणाल्या. "बेकार माणसाला आजवर उभं राहावं लागायचं."

साहेब हसले. मग घरी गेल्यावर बहुधा हसले नसावेत, कारण पुढच्या आठवड्यात ते पुन्हा येऊन विचारून गेले की नक्की काय हवं आहे. मावशी म्हणाल्या, "बस." साहेब म्हणाले, बस त्यांच्या खात्यात येत नाही. कचेरीत ते पहिल्या मजल्यावर बसतात, बस तिसऱ्या मजल्यावर आहे.

खरंच तसं होतं. शहराबाहेर मोठ्या रस्त्यालगत नवे कारखाने उभे राहत होते आणि आसपासच्या साऱ्या मुलखाचा आराखडा तिसऱ्या मजल्यावर आखला जात होता : कुठे कारखाने, कुठे रस्ते, कुठून कामगारांच्या बसगाड्या. पहिला मजला वस्ती रंगवत होता, तिसरा मजला कामं वाटत होता आणि दोघांच्या मधला जिना कोणी चढत नव्हतं.

मावशींची सून त्या कारखान्यांपैकी एकात डबे भरायच्या कामाला होती. मुलगा लांबच्या गावी गाडी चालवायचा, महिन्यातून एकदा यायचा. घर सुनेच्या पगारावर उभं होतं. सातला फाटक उघडे, सात दहाला बंद. बस मिळायची ती बाहेरच्या चौकात, वस्तीपासून चांगले चार किलोमीटर. सून ते चालत जाई. चालताना कधी चप्पल तुटे, कधी पाऊल मुरगळे, कधी बसच भरून निघून जाई. दोनदा उशीर झाला होता. तिसऱ्यांदा झाला की नाव कमी, असं मुकादमाने सांगितलं होतं.

"आई, एकदा वस्तीतून बस सुरू झाली ना," सून म्हणायची, "तर मी तुम्हाला झोपेतून उठवून सांगेन."

"झोपेतून नको गं. जागी असताना सांग, म्हणजे खरं वाटेल."

तर एका सोमवारी मी शर्ट घ्यायला गेलो, तेव्हा दुकानासमोर एक तरुण बाई मान मागे टाकून इमारतीचे मजले मोजत होती. खांद्याला नकाशांची लांब नळी. त्या नळीवरून वस्तीत तिला आधीच दोघा-तिघांनी 'पाणी कधी येणार' म्हणून विचारलं होतं.

"या पत्त्याला तळघर वगैरे आहे का?" तिने मावशींना विचारलं.

"का हो?"

"आमच्या यादीत इथे दोनशे चौदा कामगार राहतात."

मावशींनी इस्त्री उभी केली. माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"या ना आत," मावशी म्हणाल्या. "पण जरा बेताने पाय टाका. कोणाच्या तरी अंगावर पडेल."

बाई हसली आणि नळी बाहेर ठेवून खरोखरच आत आली. तिसऱ्या मजल्यावरची होती. कारखान्यांनी आपापल्या कामगारांचे पत्ते पाठवले होते आणि तिने ते नकाशावर ठिपक्यांनी मांडले होते. जिथे ठिपके दाट, तिथून बस जाणार. तिने टेबलावर नकाशा पसरला. कॉलनीच्या टोकाला शाईचा एवढा डाग, की वाटावं दौत सांडली. आणि पुलापलीकडे कोरा कागद.

मावशींनी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "इथं काय आहे?"

"वस्ती. पण तिथे कामगार नाहीत ना. एकही नाही."

"आणि हा डाग?"

"आमचे मोठे साहेब म्हणतात, एका दारात दोनशे चौदा म्हणजे यादीतली चूक. खोडून टाका. खोडलं की या भागात शून्य. शून्यासाठी बस कशी वळवणार? मला वाटलं, खोडण्याआधी एकदा बघून यावं."

मावशींचं बोट कोऱ्या जागेवरच राहिलं. इस्त्री मागे तापत राहिली होती. मग त्या म्हणाल्या, "भाऊ, मीच पुसलं की हो सगळ्यांना. चांगलं करायला गेले आणि आख्खी वस्ती पुसून बसले."

त्यांनी बाईला सगळं सांगितलं. बाई पेन हातात धरून ऐकत राहिली. लिहिलं मात्र काहीच नाही. मग म्हणाली, "मावशी, आठवड्याने हरकतींची बैठक आहे. ही माणसं पलीकडची आहेत याचा पुरावा लागेल. पण कारखानेवालेही येणार. खोटा पत्ता दिला म्हणून त्यांनी कोणाला काढलं तर..."

"तर बस येईल आणि तिच्यात बसायला कोणी नसेल."

"हो. आणि तुमच्या दुकानाचंही काही सांगता येत नाही."

ते मला सांगता आलं असतं. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे सरळ माणूस, पण कागदाला भिणारा. दोनशे चौदा माणसं गाळ्यावर हक्क सांगायला बादली-तांब्यासकट रांगेत उभी आहेत, असं चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं असतं, तर त्यांना अंथरूण धरावं लागलं असतं. मी मावशींना म्हटलं, "तुम्ही गप्प राहिलात तर दुकान टिकेल."

"टिकेल," मावशी म्हणाल्या. "आणि सून चालत राहील."

बैठकीच्या दोन दिवस आधी चौकात बस भरून आली आणि थांबलीच नाही. सून मागून धावली. मग एका टेम्पोवाल्याच्या हातापाया पडून गेली. फाटकाशी पोचली तेव्हा सात वाजून चौदा मिनिटं झाली होती. दुपारी ती दुकानात येऊन टेबलाजवळ उभी राहिली. मी तिथेच होतो. ती रडली वगैरे नाही. म्हणाली, "आई, माझा दोरा काढा."

मावशींनी डबा उघडला. निळा, सात गाठींचा. तो शोधायला त्यांना एरवी क्षण लागला नसता. त्या दिवशी बराच वेळ लागला.

बैठक शाळेच्या हॉलमध्ये होती. मोठे साहेब, कारखान्यांचा एक प्रतिनिधी, नळीवाली बाई आणि मागच्या रांगेत बाकवाले साहेब. मावशींनी आत शिरल्या शिरल्या बाकवाल्या साहेबांना हाताला धरून पुढे आणलं आणि नळीवालीसमोर उभं केलं. "हे पहिल्या मजल्यावरचे. ह्या तिसऱ्या मजल्यावरच्या. एका इमारतीत राहता, तोंडओळख असू द्या."

मग त्यांनी डबा टेबलावर उपडा केला. लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या, पांढऱ्या, काळ्या दोऱ्यांचा ढीग. मोठे साहेब चष्मा पुसून म्हणाले, "हे काय?"

"माणसं," मावशी म्हणाल्या, आणि रंग आणि गाठींचा हिशेब समजावून सांगितला. नकाशा जमिनीवर पसरला गेला. मावशी फतकल मारून बसल्या. एकेक दोरा उचलायचा, गाठी चाचपायच्या आणि कोऱ्या जागेत गल्लीप्रमाणे ठेवायचा. थोड्या वेळाने नळीवालीही शेजारी बसली. मग बाकवाले साहेब बसले. गल्ल्या त्यांना पाठ होत्या. "चौथीत सोळावं घर आहे?" नळीवालीने विचारलं. "आहे तर! बाकासमोरच," ते म्हणाले. वस्ती हळूहळू कागदावर उगवत होती.

कारखान्यांचा प्रतिनिधी म्हणाला, "ठीक आहे. पण नावं? हा पत्ता देणारे यादीत सापडतील, पण कुठला दोरा कोणाचा, ते आम्हाला कळायला हवं."

"नावं माझ्याकडे नाहीत, साहेब. कपड्यांना नावं नसतात, खुणा असतात."

"म्हणजे तुम्हाला ही माणसं माहीत नाहीत?"

"मला त्यांच्या गाठी माहीत आहेत. तुम्हाला त्यांचं काम माहीत आहे. काम खोटं असेल तर सांगा."

प्रतिनिधीने कागद चाळले. काम खोटं असल्याची नोंद त्याच्याकडे नव्हती. मोठ्या साहेबांनी मात्र शेवटचा दोरा ठेवून झाल्यावर आकडा विचारला.

"दोनशे तेरा," नळीवाली म्हणाली.

"यादीत दोनशे चौदा आहेत. बघा, जुळत नाही!" साहेबांचा चेहरा उजळला. न जुळणारा आकडा सापडला की काही माणसांना हरवलेलं मूल सापडल्यासारखं होतं.

"यादी मागच्या महिन्याची आहे," मावशी म्हणाल्या. "डबा आजचा आहे."

"मग तो एक कुठे गेला?"

मावशींनी कनवटीतून निळा दोरा काढला आणि तळहातावर धरला. "ही माझी सून. परवा चार मिनिटं उशीर झाला. चार किलोमीटर चालून बस गाठायची असते, तिला." मग म्हणाल्या, "हा मी गुपचूप ढिगात टाकला असता तर तुमचा आकडा जुळला असता. पण मग पत्त्यासारखंच झालं असतं."

साहेब जमिनीवरच्या नकाशाजवळ वाकले. मग त्यांनी दोन बोटांनी पुलाजवळचा एक पिवळा दोरा, जो घसरून नाल्यात गेला होता, उचलून गल्लीत नीट ठेवला. निर्णय त्यांनी कागदावर नंतर लिहिला. आम्हाला तो तेव्हाच कळला होता.

बस सुरू व्हायला पाच महिने लागले. सरकारी हिशेबाने हे म्हणजे धावतपळत. त्या पाच महिन्यांत सेक्रेटरींनी गाळा रिकामा करायची नोटीस दिली. द्यायला स्वतः आले, दारात घुटमळले, आणि आपले तीन सदरे इस्त्रीला टाकून नोटीस खिशातच ठेवून परत गेले. दुसऱ्या दिवशी पोस्टाने पाठवली. मी सोसायटीच्या सभेत मावशींच्या बाजूने बोललो. दोन मिनिटं बोललो, बरं बोललो, आणि माझ्या बाजूने हात वर झाला तो एकच, माझा.

टेबल पुलावरून नेताना चौघे लागले. घोंगडं मावशींनी स्वतः घेतलं. आता त्या घराच्या पुढच्या खोलीत इस्त्री करतात आणि मला शर्टांसाठी पूल ओलांडावा लागतो. तेवढा एक फायदा झाला : अकरा वर्षांत मी पहिल्यांदा पलीकडे गेलो. वीस पावलं तर आहेत.

बस सुरू झाली त्या सकाळी सगळी वस्ती थांब्यावर होती. सून मावशींजवळ उभी होती. तिला जायचं कुठे नव्हतं. बस भरली, वळली, गेली. सून म्हणाली, "आई, आली बघा बस. तुम्ही जाग्या आहात ना?"

"जागी आहे गं," मावशी म्हणाल्या आणि तिचा हात धरून घरी आल्या.

त्याच दुपारी सुनेने दुसऱ्या एका कारखान्यासाठी अर्ज लिहायला घेतला. पत्त्याच्या ओळीपाशी पेन थांबलं. दुकान राहिलं नव्हतं. माझ्या घरचा पत्ता घाला, असं मी सुचवलं.

"नको, भाऊ," मावशी म्हणाल्या. "घरचाच लिही गं. नंबर लागलाय ना आता."

लागला होता. बाकवाले साहेब हल्ली जिना चढून तिसऱ्या मजल्यावर जायला लागले होते आणि तिथून परत येऊन त्यांनी बाकांऐवजी घरांना पत्र्याच्या पाट्या ठोकल्या होत्या. तिसरी गल्ली, घर सात. सुनेने ते हळूहळू, वळणदार लिहिलं.

एक आठवडा गेला, दोन गेले. एकवीस अर्जांची आठवण घरात सगळ्यांनाच होती. कोणी ती काढत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात मी शर्ट आणायला गेलो, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी पोस्टमन उभा होता. अकरा वर्षं पुलावरून परत फिरलेला माणूस, आता पाट्या वाचत एकेक घर पुढे येत होता. "सात नंबर?" त्याने मलाच विचारलं. मी दार दाखवलं.

मावशींनी पत्र घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि सवयीने फळीवरच्या रिळातून निळा दोरा ओढला. गाठी मारू लागल्या. एक, दोन, तीन. चौथीला थांबल्या. दोरा उलगडून परत रिळाला गुंडाळला.

"घरचंच तर आहे," त्या म्हणाल्या आणि आत वळून हाक मारली, "अगं ए, पत्र आलंय तुझं."

सून ओल्या हातांनी आली. पदराला हात पुसून तिने पाकीट फोडलं आणि उभ्या उभ्या वाचलं. गुरुवारी, सकाळी साडेसातला, मुलाखतीला बोलावलं होतं.

मावशींनी बोट ओलं करून इस्त्रीला लावलं. 'चर्र' झालं.

"तुझी ती हिरवी साडी आण," त्या म्हणाल्या. "आणि भाऊ, तुमचे शर्ट आज होणार नाहीत."